न्यायाधीशाची विद्या आणि वेतन

बांधावरून तंटा झाला की आपण तालुक्याच्या कोर्टाची पायरी चढतो. तिथले दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, म्हणजे आपल्यासाठी न्यायाचे पहिले दार. पुष्कळांना तर तेच शेवटचे. म्हणून या न्यायाधीशांचे वेतन हा तुमचा-आमचाही प्रश्न आहे.

अनेक दाव्यांत सरकारच पक्षकार असते. तेव्हा न्यायाधीशाचा पगार केवळ सरकारच्या मर्जीवर असून कसे चालेल? या विचाराने १९९६ साली न्यायमूर्ती जगन्नाथ शेट्टी यांचा पहिला राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग नेमला गेला. पुढे न्यायमूर्ती वेंकटराम रेड्डी यांचा दुसरा आयोग आला. त्याच्या शिफारशीप्रमाणे १ जानेवारी २०१६ पासून या पदाचे सुरुवातीचे मूळ वेतन ७७,८४० रुपये ठरले.

कायद्याची पदवी सर्वच न्यायाधीशांना असते. पण ज्यांनी पुढे एलएल.एम. केले, त्यांना तीन आगाऊ वेतनवाढी, आणि कायद्यात डॉक्टरेट मिळवली तर आणखी एक, असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी २०२४ रोजी तो मान्य केला. एक वाढ तीन टक्क्यांची. म्हणजे तीन वाढींनी सुरुवातीलाच दरमहा सुमारे सात हजारांची भर पडते.

कुणी विचारील, “पुस्तके वाचून का शहाणपण येतं?” शंका रास्त आहे. पदवीच्या कागदाने साक्षीदाराचे खरेखोटे ओळखता येत नाही. पण दुसरी बाजूही पाहा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी तो लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. ज्याचा अभ्यास मध्येच थांबला, तो बहिणीचा वाटा जुन्याच हिशेबाने मोजील. चूक न्यायाधीशाची, जमीन जाईल बहिणीची!

तेव्हा विद्येला मोल द्यावे, हे योग्यच. मात्र वाढ मिळते ती परीक्षा उतरल्याबद्दल; अभ्यास चालू ठेवायचा तो निवृत्तीपर्यंत. शिक्षक मंडळींना हे वेगळे सांगायला नको.

या मोलाची परीक्षा आपणही करू शकतो. निकालाची नक्कल हाती आली की ‘जिंकलो की हरलो’ एवढेच पाहून ती घडी घालून ठेवू नका. गावच्या गुरुजींकडून ती कारणांसकट वाचून घ्या. कारणे आपल्याला पटोत न पटोत, ती समजली पाहिजेत. आपल्या पैशातून दिलेल्या त्या वाढी सार्थकी लागल्या की नाही, ते तिथेच कळेल.