कपाळाच्या त्वचेचे नाक

मराठी भाषेने माणसाची अब्रू त्याच्या नाकात ठेवली आहे. नाक घासणे, नाक वर करून चालणे, नाक कापले जाणे हे सारे वाक्प्रचार मानापमानाचे आहेत. त्यांतील शेवटचा मात्र एके काळी केवळ भाषेचा अलंकार नव्हता. अपराध्याचे, युद्धकैद्याचे, संशयास पात्र ठरलेल्या स्त्रीचे नाक खरोखरच कापले जाई आणि तो कलंक त्या अभाग्याला मरेपर्यंत चेहऱ्यावर वागवावा लागे. ज्या देशात ही शिक्षा रूढ होती, त्याच देशात तिच्यावरचा उपायही जन्मास आला. तो उपाय एका कारागिराच्या हातातून जगाच्या शस्त्रवैद्यकात कसा गेला, ही कथा विद्या कशी टिकते हे सांगणारी आहे.

कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकण्याचे काम करीत असे. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. सुमारे एक वर्ष त्याने नाकावाचून काढले. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन' या मासिकात कावसजीच्या चित्रासह तिचे वर्णन छापून आले.

ती क्रिया अशी होती. नाकाच्या उरलेल्या भागावर मेणाचे पातळ नाक बसवून पाहावयाचे. ते मेण मग सपाट करून कपाळावर ठेवावयाचे आणि त्याच्या कडेने रेघ आखावयाची. रेघेच्या आतील त्वचा सोडवून घ्यावयाची. पण दोन्ही डोळ्यांच्या मध्ये तिचा एक अरुंद पट्टा न तोडता तसाच राखावयाचा. नाकाच्या जुन्या व्रणाच्या कडा ताज्या करून, कपाळाची त्वचा खाली वळवून तेथे बसवावयाची. टाके नाहीत. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून त्या पट्ट्या एकावर एक चिकटवावयाच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेल्या चिंध्या ठेवावयाच्या, दहाव्या दिवसाच्या सुमारास नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापड घालावयाचे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधील तो पट्टा कापावयाचा.

साऱ्या क्रियेचे मर्म त्या पट्ट्यात आहे. त्वचेचा तुकडा शरीरापासून एकदम वेगळा केला, तर रक्तपुरवठा तुटून तो मरण्याचा धोका असतो. नव्या जागी मूळ धरीपर्यंत त्याला जुन्या जागेचे रक्त मिळत राहिले पाहिजे. विटा पाडणाऱ्या त्या माणसाला रोहिणीचे शास्त्रीय नाव ठाऊक नसेल. पण तो पट्टा राखला नाही तर नाक जगत नाही, हे त्याच्या परंपरेला अनुभवाने पक्के कळले होते.

या परंपरेचे मूळ पुष्कळ जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तुटलेल्या नाकाच्या मापाचे पान घेऊन, तेवढी त्वचा गालावरून घेऊन नाक जोडण्याचा विधी सांगितला आहे. त्याच ग्रंथात शिष्याने रोग्याला हात लावण्यापूर्वी करावयाच्या सरावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. छेदन शिकावयाचे ते कोहळा, दुध्या, काकडी यांवर. भेदन पाण्याने भरलेल्या कातडी पिशवीवर. वेधन मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. शिवण जाड कापडावर आणि मऊ कातड्यावर. पट्ट्या बांधणे बाहुल्यावर. शास्त्र पाठ असूनही हाताला सवय नसेल, तर तो वैद्य अयोग्यच होय, असे सुश्रुताचे मत. पुढे ग्रंथ आणि हात यांची ताटातूट झाली. ग्रंथ पंडितांच्या घरी राहिला आणि हात कारागिराच्या घरी. गालाऐवजी कपाळाची त्वचा घेण्याची सुधारणाही या कारागिरी परंपरेतच आढळते. परंतु ती कोणी आणि केव्हा केली, याचा लेख नाही. कावसजीला नाक देणाऱ्याचेही नाव त्या मासिकाने दिलेले नाही. रोग्याचे नाव राहिले, वैद्याचे गेले.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने ही हकीकत मनावर घेतली. त्याने लगोलग सुरी उचलली नाही. हिंदुस्थानातून परतलेल्या लोकांकडे त्याने चौकशी केली आणि प्रेतांवर या क्रियेचा पुनःपुन्हा सराव केला. पाऱ्याच्या औषधांनी नाक गमावलेला एक सैनिकी अधिकारी त्याच्याकडे आला, तेव्हा त्याने आधी लहान छेद घेऊन जखम नीट भरून येते की नाही, हे पाहिले. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने शस्त्रक्रिया केली. भूल देण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती. रोग्याने सारे जागेपणी सोसले. नाक जगले. दुसऱ्या एका अधिकाऱ्यावरही ही क्रिया यशस्वी झाली, आणि १८१६ साली कार्प्यूने दोन्ही हकीकती तपशीलवार प्रसिद्ध केल्या. त्यानंतर ही रीत 'हिंदी पद्धत' या नावाने युरोपभर पसरली.

लेखाचा हा धडा नंतर हिंदुस्थानातही गिरविला गेला. जुनागढचे डॉक्टर त्रिभोवनदास शहा यांनी १८८९ साली अशा शंभर रोग्यांची माहिती पुस्तकरूपाने दिली. इंदूरच्या रेसिडेन्सीचे सर्जन कीगन यांनी या पद्धतीतील एका उणिवेकडे लक्ष वेधले. नव्या नाकाला आतून अस्तर नसल्यामुळे ते आक्रसत असे. कीगन यांनी जुन्या नाकाजवळचीच त्वचा आत वळवून ते अस्तर दिले, आणि १९०० साली आपली सुधारणा ग्रंथरूपाने मांडली. दोष नोंदविला गेला म्हणूनच तो दूर करता आला. कारागिराच्या घरी असाच दोष दिसला असेल, कदाचित त्यावर तोडही निघाली असेल. पण ती ज्याच्या त्याच्याबरोबर गेली.

आज नाक कापण्याची शिक्षा उरलेली नाही, तरी अपघात आहेत, कर्करोग आहे, आणि सूडाने केलेले हल्लेही अजून थांबलेले नाहीत. कर्करोगामुळे नाकाचा मोठा भाग काढावा लागला, तर शस्त्रवैद्य आजही कपाळाचीच त्वचा खाली वळवितात, भुवईजवळ रक्तवाहिनीसह पट्टा राखतात, आणि साधारणतः तीन आठवड्यांनी तो तोडतात. भूल आली, जंतुनाशन आले, सूक्ष्म टाके आले. मूळ कल्पना तीच राहिली.

वैद्यकातील संशोधन म्हणजे नव्या औषधांचा शोध, अशी एक समजूत आहे. ती अपुरी आहे. रोग्याच्या खाटेशी जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवणे, ते पडताळून पाहणे, आणि जिवंत देहावर शस्त्र चालविण्यापूर्वी शिष्याचा हात तयार करणे, हेही संशोधनच होय. पुण्याजवळच्या त्या अनामिक माणसाचे कौशल्य कोणाहून कमी नव्हते. त्याच्यापाशी नव्हती ती पाठशाळा आणि लेखणी. ती एका परक्या मासिकाच्या दोन पानांनी पुरविली नसती, तर त्याच्या नावाबरोबर त्याची विद्याही मातीस मिळाली असती, आणि ज्यांना नवे चेहरे मिळाले त्यांतील किती तरी जणांना आयुष्यभर तोंड झाकूनच वावरावे लागले असते.