मुलांच्या पाण्याची पाळी चुकवू नका
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



एप्रिल-मे महिन्यांत अकोला, नागपूर, चंद्रपूर या भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. याच दिवसांत भुईमुगाची काढणी, धसकटांची वेचणी, शेणखत पसरणे ही कामे चालू असतात. शाळेला सुटी असल्याने मुलेही शेतावर येतात. पिकाच्या पाण्याचा हिशेब आपण चोख ठेवतो. मुलांच्या पाण्याचा मात्र राहून जातो.

रोपवाटिकेतील रोपाची मुळे उथळ असतात, म्हणून त्याला थोडे पण वारंवार पाणी देतो. रोप माना टाकेपर्यंत आपण थांबत नाही. मुलांचेही तसेच आहे. वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचे क्षेत्र मोठ्या माणसापेक्षा जास्त असते, त्यामुळे अंग लवकर तापते. खेळाच्या नादात तहानेचे भान राहत नाही. म्हणून मूल मागेल तेव्हा पाणी, असे न करता पाळी ठरवा. उन्हात खेळणाऱ्या मुलाला दर अर्ध्या तासाने बोलावून सावलीत पाणी पाजा. सोबत मीठ घातलेले पातळ ताक, कैरीचे पन्हे, काकडी, कलिंगड द्यावे. चहा किंवा बाटलीबंद गोड पेये पाण्याच्या जागी देऊ नयेत. सहा महिन्यांच्या आतील अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचे पाणी नको. आईने त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजावे आणि स्वतः भरपूर पाणी प्यावे.

पाणी घरूनच, स्वच्छ व झाकलेल्या भांड्यात न्यावे. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नका. ठिबकाच्या नळीतून विद्राव्य खते व औषधे सोडली जातात. त्या नळीला मुलांना तोंड लावू देऊ नका. दुपारी १२ ते ४ मुलांना उन्हात पाठवू नये.

ओठ कोरडे पडणे, लघवी कमी व गडद पिवळी होणे, मूल चिडचिडे किंवा मलूल होणे, रडताना डोळ्यांत पाणी न येणे, डोळे खोल जाणे, ही पाणी कमी पडल्याची लक्षणे आहेत. जुलाब लागल्यास जलसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवा व चमच्या-चमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. तयार द्रावण २४ तासांनंतर फेकून द्या. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ जास्त झाल्यास अपाय होतो, म्हणून माप अंदाजाने घेऊ नका. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या द्रावणाने असंख्य जीव वाचवले.

मात्र अंग तापून मूल बरळू लागले, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तोंडाने काहीही देऊ नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओले करून वारा घाला आणि १०८ क्रमांकावर फोन करून ताबडतोब दवाखाना गाठा.

पिकाची एखादी पाळी चुकली तर उत्पन्न घटते, ते पुढच्या हंगामात भरून काढता येते. मुलाच्या बाबतीत पुढचा हंगाम नसतो. तेव्हा उद्या शेतावर निघताना विळ्या-खुरप्याच्या आधी पाण्याची कळशी भरून घ्या आणि मजुरांच्या मुलांनाही त्यातलेच पाजा, एवढीच विनंती.