थर तोच, बसतो कसा ते महत्त्वाचं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'तू सौरऊर्जेत नक्की काय करतोस?' असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. संयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत, तेव्हा थोडक्यात सांगतो.

मी पेरोव्हस्काइट सौर सेलवर काम करतो. पेरोव्हस्काइट हे मूळचं एका खनिजाचं नाव. तशीच स्फटिकरचना असलेले, शिसं आणि आयोडीन असलेले पदार्थ द्रावणातून काचेवर पसरता येतात. २००९ मध्ये जपानमध्ये त्यांचा पहिला सौर सेल झाला, तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज छोट्या सेलमध्ये ती २६ टक्क्यांच्या वर गेली आहे. आणि हा थर एक मायक्रॉनहूनही पातळ!

मग अडतं कुठे? उन्हाने सुटे झालेले धन आणि ऋण भार दोन बाजूंनी वेगवेगळे बाहेर काढावे लागतात. धनभाराची वाट पुष्कळदा पॉलिमरच्या थरातून जाते. पी-थ्री-एच-टी हा असाच एक पॉलिमर. त्याच्या साखळीतल्या कड्या चपट्या असतात आणि बाजूंना मेणासारख्या शेपट्या. कड्या चवडीतल्या पोळ्यांसारख्या एकावर एक आडव्या बसल्या, तर भार थरातून सहज आरपार जातो. कपाटातल्या पुस्तकांसारख्या उभ्या राहिल्या, तर शेपट्या वाटेत येतात आणि त्यांतून वीज वाहत नाही. पदार्थ तोच, फरक मांडणीचा.

आपल्या नाशिककरांना हे नवीन नाही. द्राक्षाच्या मण्यावर मेणाचा पांढरट थर असतो, तो आतलं पाणी राखतो. बेदाणा करताना आपण घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतो. त्याने मेणाची रचना बिघडते आणि मणी लवकर सुकतो.

आमची गरज उलटी आहे. पेरोव्हस्काइट ओलाव्याने खराब होतो, म्हणून पाणी आत जाऊ द्यायचं नाही. पेडॉट-पीएसएस हा पॉलिमर ओलावा ओढून घेतो, पीटीएए तो दूर ठेवतो. साधं अॅक्रिलिकही काही नॅनोमीटरच लावलं, तर स्फटिकातले दोष झाकतं; जाड झालं की वीजच अडवतं.

इथे खरी परीक्षा आहे ती आयुष्याची. छपरावरच्या सिलिकॉन पॅनलला २५ वर्षांची हमी मिळते. आपलं एप्रिलचं ऊन आणि इगतपुरीचा पाऊस सोसून पेरोव्हस्काइटने तेवढं टिकायला हवं आणि त्यातलं शिसं जमिनीत उतरता कामा नये. मुंबईच्या आयआयटीत सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट चढवलेल्या जोडसेलवर काम चालू आहे. मला आशा या जोडीकडून जास्त वाटते.

शेती करणाऱ्या मित्रांनी विचारलं, 'नव्या पॅनलसाठी थांबू का?' नका थांबू. सोलर पंप आज हवा असेल, तर सिलिकॉनचाच घ्या. आमचा थर पावसाळ्यांमागून पावसाळे टिकलेला दिसेल, तेव्हा मी स्वतःच तुम्हाला फोन करीन.