तीस वर्षांची सरासरी



संयोजकांनी सांगितलं, "दहा मिनिटं बोल, विषय कोणताही चालेल." विषय ठरलेला नसला की माणूस हवामानावर येतो. मीही तिथूनच सुरुवात करते.

शिवाजीनगरला जाताना बसचा 'सिमला ऑफिस' हा स्टॉप लागतो. पुण्यात सिमला कुठून आलं? 1928 मध्ये देशाच्या हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला हलवलं, म्हणून ते नाव. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव मात्र इथेच राहिलं. हवामानवाल्यांचा एक संकेत आहे. एखाद्या गावाचं सर्वसाधारण हवामान सांगायचं तर सलग तीस वर्षांच्या नोंदी धरतात, कारण एकाच पावसाळ्यावरून काही ठरत नाही. आपण 1995 ला दहावी झालो. म्हणजे आपलीही सरासरी काढायला आता शास्त्राची हरकत नाही!

आपल्या लहानपणी हवामान कळायचं ते दूरदर्शनवर, मराठी बातम्यांच्या शेवटी. 1987 मध्ये 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. ज्यांच्याकडे टीव्ही, त्यांच्या दारात सगळ्यांच्या चपला. आता फोन रोज सकाळी दोन गोष्टी सांगतो: आज पाऊस आहे का, आणि आज कुणाची जयंती किंवा पुण्यतिथी. आपल्या ग्रुपवर सहा वाजताच 'विनम्र अभिवादन' येऊन पडतं. खाली हात जोडलेले वीस-पंचवीस इमोजी, की दिनविशेष संपला.

मी प्रोग्रॅम लिहिते. तारीख लक्षात ठेवणं हे यंत्राला सगळ्यात सोपं काम. त्या तारखेला काय झालं, हे मात्र माणसानंच वाचावं लागतं. आणि आपल्या येरवड्याइतक्या तारखा फार थोड्या उपनगरांच्या वाट्याला आल्या असतील. "येरवड्याला राहते" म्हटलं की लोक हसून "आत की बाहेर?" विचारतात, ते सोडून द्या.

15 ऑगस्ट घ्या. 9 ऑगस्ट 1942 ला गांधीजींबरोबर महादेवभाई देसाईंनाही अटक झाली आणि त्यांना आगाखान पॅलेसमध्ये आणलं. सहाच दिवसांत, 15 ऑगस्टला, ते तिथे गेले. वय पन्नास. बरोबर पाच वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला. 22 फेब्रुवारी 1944 ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबाही तिथेच गेल्या. दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत.

दुसरी तारीख जास्त अवघड आहे. 24 सप्टेंबर 1932, पुणे करार. ब्रिटिशांनी अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्यानं हिंदू समाज कायमचा दुभंगेल म्हणून 20 सप्टेंबरला गांधीजींनी येरवडा तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. बाबासाहेब आंबेडकर वाटाघाटीसाठी त्याच तुरुंगात आले. शेवटी स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रांतिक कायदेमंडळांतल्या 71 जागांऐवजी संयुक्त मतदारसंघात 148 राखीव जागा ठरल्या. जागा दुपटीहून वाढल्या, पण आपला प्रतिनिधी फक्त आपण निवडायचा हा हक्क गेला. 26 तारखेला उपोषण सुटलं.

आपल्या वर्गात अशी घरं होती जिथे हा दिवस समेटाचा आहे, आणि अशीही होती जिथे तो हातचं गमावल्याचा आहे. एकाच बाकावर दोन्ही घरं बसायची. डब्यातली भाजी वाटून खायची. या तारखेबद्दल मात्र आपण एकमेकांशी कधी बोललो नाही. आताही 24 सप्टेंबरला ग्रुप गप्प असतो, आणि गप्प राहणं सोयीचं असतं. पण मला वाटतं, तीस वर्षांची मैत्री एवढं ऊन-पाऊस सोसू शकते.

म्हणून एक सुचवते. प्यारेलाल यांनी त्या उपोषणाची हकीकत 'द एपिक फास्ट' या पुस्तकात लिहिली आहे. बाबासाहेबांनी 1945 च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' मध्ये आपली बाजू सडेतोड मांडली आहे. येत्या 24 सप्टेंबरच्या आत ज्यांना जमेल त्यांनी दोन्ही वाचूया. ज्या घरात एकच बाजू ऐकली गेली, त्यानं आधी दुसरी वाचावी. मग त्या संध्याकाळी इथेच भेटू, चहा मी आणते. एकमत व्हायलाच हवं असं नाही. सरासरी काढताना कोरडं वर्षही धरतात आणि पुराचंही. एकही नोंद गाळून चालत नाही.

सर, बाई, तुम्हीही या. तुमच्यासमोर वाद घालायची आम्हाला जुनी सवय आहे.