शासनाचा कागद आणि गावचा माणूस



अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे मराठी गद्याचे माहेर. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ तेथेच सिद्ध केले. महानुभाव पंथात केशिराजव्यासांसारखे संस्कृतचे गाढे पंडित होते. परंतु त्यांनी संस्कृतात ग्रंथ रचू नयेत, त्यामुळे पंथातील म्हाताऱ्या बाया ज्ञानाला पारख्या होतील, असे नागदेवाचार्यांनी बजावल्याचे ‘स्मृतिस्थळा’त नमूद आहे.

हीच कसोटी शासकीय कागदाला लावून पाहावी. वऱ्हाडातील मराठी कारभाराला जुन्या मध्यप्रदेशाच्या 1950 च्या राजभाषा कायद्याने आधार दिला. पुढे महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 मध्ये झाला. कागद मराठी झाला, हे मोठेच काम. पण तो समजेल असा झाला काय? 1962 च्या ‘पदनाम कोशा’ला आचार्य अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हणून हिणवले. ती टीका काहीशी एकांगी होती, कारण नवा शब्द वापराने रुळतो. खरी अडचण आहे ती ज्या शब्दांतून वाचणाऱ्याला स्वतःचा हक्क वा बंधन कळतच नाही, तेथे.

सातबाराचेच पाहा. 1954 च्या जमीन महसूल संहितेनुसार विदर्भात ‘भूमिस्वामी’ व ‘भूमिधारी’ असे शब्द होते. 1966 च्या संहितेने त्यांच्या जागी ‘भोगवटादार वर्ग 1’ व ‘वर्ग 2’ आणले. अकोटच्या वा दर्यापूरच्या शेतकऱ्याच्या उताऱ्यावर ‘वर्ग 2’ असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून ती जमीन सहसा विकता येत नाही. घेणाऱ्याला मात्र वाटते, जमीन दुसऱ्या प्रतीची असावी! इसार देऊन झाल्यावर तहसिलीत खरा अर्थ उमगतो. परवानगीशिवाय खरेदी झालीच, तर शर्तभंगाचे प्रकरण उभे राहते आणि जमीन सरकारजमा होण्याची पाळी येऊ शकते.

कायद्याची संज्ञा काटेकोर हवी, ती काढून टाका असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्याखाली ‘ही जमीन विकण्यापूर्वी शासनाची परवानगी घ्यावी लागते’ एवढी एक ओळ घातल्याने काटेकोरपणाला कोठे बाध येतो?

नोटिसांचेही तसेच. ‘कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्यात कोण करणार आणि केव्हा, याचा पत्ता नसतो. अशी नोटीस गावच्या फळ्यावर लावण्यापूर्वी तिचा मसुदा कोतवालाला वाचून दाखवावा आणि ‘यात कोणी काय करायचे आहे?’ असे त्याला विचारावे. त्याला सांगता आले नाही, तर मसुदा पुन्हा लिहावयास घ्यावा.