तंजावर नगरीत आपले स्वागत असो

सन्माननीय अध्यक्षमहाराज, उद्घाटक महोदय, आणि महाराष्ट्रातून व महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वसाहतींतून या कावेरीच्या मुलखात आलेल्या लेखापाल व हिशेबतपासनीस बंधुभगिनींनो,

स्वागतमंडळाच्या वतीने आपले स्वागत करताना मला जितका आनंद होत आहे तितकीच धास्तीही वाटत आहे. कारण आनंद माझा एकट्याचा असला तरी व्यवस्था अनेकांच्या हाती आहे, आणि जन्मभर वकिली केलेल्या माणसाला अनेकांच्या हाती असलेल्या गोष्टीविषयी जो अनुभव येतो तो काही फारसा धीर देणारा नसतो. आपल्या शास्त्रातले मला ओ की ठो कळत नाही. तरीही हे पद मी स्वीकारले ते एकाच लोभाने, की आपल्यासारख्या चौकस मंडळींना हे शहर दाखविण्याची संधी पुन्हा मिळणार नाही. छापील कार्यक्रमपत्रिकेत नगरदर्शनासाठी उद्याची दुपार ठेवलेली आहे, परंतु दुपारी मंदिराचे दरवाजे बंद असतात आणि अंगणातली फरसबंदी अनवाणी पायांना चटके देते, ही गोष्ट पत्रिका छापून झाल्यावर कार्यवाहांच्या ध्यानी आली. सबब नगरदर्शन आता सकाळी सहा वाजता सुरू होईल, आणि त्यापायी ताळेबंदावरील चर्चासत्राला जी कात्री लागणार आहे तिच्याबद्दल संबंधित वक्त्यांनी मला क्षमा करावी.

राजराज चोळाने उभारून 1010 साली पूर्णत्वास नेलेले ते बृहदीश्वराचे मंदिर, ज्याला इथले लोक नुसते ‘पेरिय कोविल’, म्हणजे थोरले देऊळ, म्हणतात, त्याचे दोनशे फुटांहून उंच ग्रॅनाइटचे विमान आपण स्टेशनातून येतानाच पाहिले असेल. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असे वाटाडे आपल्याला सांगतील. ती उत्तम पडते, आणि तिच्यात बसूनच ते ही कथा सांगतात. समोरचा प्रचंड नंदी चोळांचा नव्हे, मागाहून आलेल्या नायक राजांच्या काळचा. गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या बोळात नायककालीन चित्रांच्या थराखाली दडलेली चोळांची भित्तिचित्रे 1931 साली उजेडात आली. पण हे सारे कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत मिळेल. आपण मात्र जोत्यावर कोरलेला तमिळ मजकूर पाहावा, कारण तो दुसरेतिसरे काही नसून देवस्थानाचे दफ्तर आहे. राजाने, त्याच्या थोरल्या बहिणीने, राण्यांनी आणि इतरांनी जे जे दिले ते ते दगडावर नोंदवावे अशी राजाज्ञा होती. त्याप्रमाणे दागिन्यांची वजने, कोणत्या मापाने ती केली त्या मापाचे नाव, आणि देवाच्या सेवेत नेमलेल्या चारशे नर्तकी कोणत्या रस्त्यावरच्या कितव्या घरात राहत इथपर्यंतचा तपशील तिथे आहे. या परिषदेचा आणि तंजावरचा संबंध काय, असा प्रश्न मला एका स्नेह्याने विचारला होता. त्याचे उत्तर एवढेच, की हजार वर्षांपूर्वीची ही खतावणी अजून कोणाला खोडता आलेली नाही. संबंध याहून अधिक ताणण्याचे धाडस मी करीत नाही.

याच मंदिराच्या प्राकारात नैर्ऋत्य बाजूला मात्र मराठी माणसाने अर्धा तास तरी थांबलेच पाहिजे. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1675 च्या सुमारास हे राज्य हस्तगत केले, आणि त्यांच्या वंशजांपैकी दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले कुळाचा इतिहास 1803 साली इथल्या भिंतींवर मराठीत कोरविला. राजराजाच्या तमिळ लेखांच्या आवारात, त्याच देवाच्या साक्षीने, एवढा विस्तीर्ण मराठी शिलालेख असावा आणि महाराष्ट्रातून रामेश्वराला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या झुंडींनी तो न पाहता पुढची गाडी पकडावी, याचे मला लहानपणापासून दुःख आहे. आज ते बोलून दाखविण्याची संधी आपण दिलीत.

सरफोजीराजांचे नाव निघाल्यावर मी आवरते घ्यावे असे कार्यवाहांनी मला आधीच बजावून ठेवले आहे. परंतु ज्या राजाला 1798 साली गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारशी झालेल्या तहाने मुलखाचा कारभार गमवावा लागून हाती काय ते किल्ला, वाडा आणि तैनात एवढेच उरले, त्याने त्या तैनातीचे काय केले हे आपल्यासारख्यांनी तरी ऐकले पाहिजे. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने नायकांच्या काळापासून चालत आलेल्या सरस्वती भांडाराला असे काही रूप दिले, की आज सरस्वती महालात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांची हजारोंनी गणना होते, आणि मोडी कागदांची रुमालबंद दफ्तरे तर वाचणाऱ्यांची अजून वाट पाहत आहेत. काशीयात्रेला राजे गेले तेव्हा त्यांनी पुण्याबरोबर पोथ्याही गोळा करून आणल्या. युरोपातून मागविलेल्या वैद्यक, वनस्पती आणि शरीरशास्त्रावरच्या ग्रंथांवर त्यांची इंग्रजी स्वाक्षरी आढळते. धन्वंतरी महालात वैद्य, हकीम आणि युरोपीय डॉक्टर यांची विद्या एका छपराखाली नांदली. तिथल्या नेत्ररोग्यांची टिपणे, रोग्याच्या डोळ्याच्या रंगीत चित्रासह, अद्याप जपलेली आहेत. राजवाड्यात देवनागरी छापखाना घालून 1806 साली इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापले गेले, त्या वेळी मुंबईत गणपत कृष्णाजींचे पंचांग निघायला अजून पंचवीस वर्षे अवकाश होता. मराठी मुद्रणाच्या इतिहासात आमच्या या छापखान्याला एखाद्या तळटीपेची जागा मिळते; याला मी अन्यायच म्हणेन.

आणि विषय निघालाच आहे तर सांगलीकरांची क्षमा मागून सांगतो, की 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगले त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी इथल्या गादीवरच्या, व्यंकोजीपुत्र शहाजीराजांनी मराठी नाटके रचली होती आणि त्यांची बाडे याच महालात आहेत. वाद घालू इच्छिणाऱ्यांनी भोजनोत्तर माझ्याकडे यावे.

1832 साली सरफोजी गेले, 1855 नंतर कंपनीने गादी खालसा केली, पण ग्रंथ टिकले. बर्नेल साहेबाने 1880 साली संस्कृत पोथ्यांची सूची प्रसिद्ध केली आणि 1918 साली हे ग्रंथालय सार्वजनिक झाले. दरबार दालनात राजांचा संगमरवरी पुतळा आहे, आणि शिवगंगा बागेतल्या चर्चमधले, मरणशय्येवरच्या गुरूला भेटणाऱ्या शिष्याचे शिल्प लंडनचा शिल्पकार फ्लॅक्समन याचे आहे. वाड्यातल्या कलादालनातील चोळकालीन कांस्यमूर्ती पाहायला खरे तर एक अख्खा दिवस हवा. आपल्याला तासभर मिळेल.

आता उणिवांकडे वळतो. ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रासारखी अन्नछत्रे ज्या राजाने वाटसरूंसाठी उभारली त्याच्या गावी आपल्याला शाळेच्या वर्गात, बाके बाजूला सारून, निजावे लागत आहे, याची मला शरम वाटते. स्नानाच्या गरम पाण्याचे बंब पुरेसे नाहीत. आपण त्रिकाळ भातावर राहणारी मंडळी नव्हेत हे जाणून पोळ्यांची व्यवस्था केली आहे खरी, परंतु इथल्या आचाऱ्यांच्या हातून पोळी जशी उतरेल तशी गोड मानून घ्यावी. रसम आणि कॉफी यांविषयी मात्र मी कोणतीही क्षमा मागणार नाही. स्वागतमंडळाच्या बैठकांत प्रत्येक सूचनेवर आम्ही तंजावरी बाहुलीप्रमाणे माना डोलावल्या, आणि कामे वाटून घ्यायची राहिली, त्याचे परिणाम आपण काल रात्री स्टेशनावर भोगले असतील. बस उशिरा आल्या. तेव्हा जो त्रास झाला तो पदरात घ्यावा.

देणगीदारांचे ऋण मोठे आहे. भातगिरण्यांच्या मालकांनी तांदूळ, केळीच्या बागाइतदारांनी पाने व घड, रेशमी लुगड्यांच्या व्यापाऱ्यांनी मांडवाचा खर्च, शाळेच्या चालकांनी इमारत, मुद्रकांनी पत्रिका, तीही दोनदा, दिली. समर्थसंप्रदायी मंडळींनी पंगतीला वाढण्यासाठी तरुण मुले पाठविली. आणि तमिळ शेजाऱ्यांनी, ज्यांना या भाषणातला बराचसा भाग कळत नसावा, आपली घरे पाहुण्यांसाठी मोकळी केली. बहुतेकांनी नावे घोषित करू नयेत अशी अट घातली आहे. राजराजाने त्यांचे ऐकले नसते, सर्वांची नावे दगडावर घातली असती. आम्ही त्यांचे देणे परिषदेच्या जमाखर्चात, पावती क्रमांकासह, नोंदविले आहे, आणि तो जमाखर्च आपल्यासमोर ठेवण्याचा धोका पत्करतो आहोत.

अध्यक्षमहाराजांनी आता कामकाज हाती घ्यावे अशी विनंती करतो. आणि प्रतिनिधींना एकच सांगणे आहे: मोडी वाचता येणारे आपल्यापैकी जे कोणी असतील त्यांनी आपली नावे कृपया कार्यवाहांकडे द्यावीत, सरस्वती महालात त्यांची नितांत गरज आहे.