साळगावचे देवमातेचे मंदिर



ज्युबिलीच्या या मंगलप्रसंगी ख्रिस्तमंदिराच्या बांधणीविषयी चार शब्द बोलावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. गॉथिक वास्तू नागपूरकरांस अपरिचित नाही. सदर भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रल, ज्याच्या रचनेशी इंग्लंडचे विख्यात वास्तुकार बॉडली यांचे नाव निगडित आहे, ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे. परंतु ते शहरातील मंदिर, आणि त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या उपासनेसाठी उभारलेले. भातशेतीच्या काठी वसलेल्या एका साध्या गावाने हीच धाटणी आपल्यासाठी कशी पत्करली, हे पाहण्यासाठी आपणांस गोमंतकात, बार्देश तालुक्यातील साळगावी जावे लागेल.

साळगावच्या ख्रिस्ती लोकांस पूर्वी स्वतःचे धर्मग्राम नव्हते. मिस्सेसाठी त्यांना शेजारच्या नागवे गावाच्या मंदिरात जावे लागे. बाप्तिस्म्याचे मूल घेऊन असो वा प्रेतयात्रा घेऊन असो, पावसाळ्याच्या चिखलातून दुसऱ्याच्या गावी जाणे म्हणजे काय, हे खेड्यात राहिलेल्यांस सांगणे नलगे. अखेर १८६७ साली साळगावी नव्या मंदिराची कोनशिला बसली व २६ नोव्हेंबर १८७३ रोजी ते आशीर्वादित झाले. आपल्या नागपूर धर्मप्रांताची स्थापना त्यानंतर चौदा वर्षांनी, १८८७ साली झाली.

गोव्यातील बहुतेक जुन्या मंदिरांची दर्शनी भिंत रुंद असते, कमानी गोल असतात व दोहों बाजूंस बुरूज असतात. साळगावचे मंदिर त्यांत अगदी निराळे उठून दिसते. पांढरेशुभ्र अंग, टोकदार कमानी आणि आकाशाकडे चढणारी निमुळती शिखरे पाहून प्रथम साखरेच्या खेळण्याची आठवण व्हावी. परंतु टोकदार कमान ही केवळ शोभा नव्हे. गोल कमान आपला भार बाजूच्या भिंतींवर जोराने ढकलते. टोकदार कमान तोच भार अधिक सरळ खाली उतरवते. म्हणून भिंती उंच नेता येतात व खिडक्या मोठ्या ठेवता येतात. पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठात ॲबट सुजेर यांनी ११४४ साली या रीतीचे जे दर्शन घडविले, तेच पुढे युरोपभर पसरले.

ही रीत साळगावास कोठून सुचली असावी? आमच्या अल्पमतीप्रमाणे याचे उत्तर मुंबईकडे शोधावे. त्या काळी गोमंतकातील पुष्कळ माणसे चाकरीसाठी मुंबईस जात, आणि तेथे गॉथिकचा बहर होता. कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ साली प्रतिष्ठित झाले. राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. बोरीबंदरचे स्टेशन तर साळगावच्या मंदिरानंतरचे आहे.

मात्र त्या नव्या धाटणीच्या घरात जी माउली विराजमान झाली, ती जुनी आहे. जुन्या गोव्याजवळ दावजी येथे फ्रान्सिस्कन मठवाशांचा देवमातेचा मठ होता. १८३५ साली गोव्यातील मठवासी संघ सरकारी हुकुमाने बंद झाले. जुने शहर अगोदरच रोगराईने ओस पडत चालले होते. मठाचे भग्नावशेष झाले. त्या अवशेषांतून देवमातेची मूर्ती साळगावी आणून मुख्य वेदीवर बसविण्यात आली. गावच्या मंदिरास ‘माय द देउश’, म्हणजे देवाची माता, हे नाव त्या मूर्तीमुळेच मिळाले. आम्हांस तर या साऱ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत हृदयंगम वाटतो: मठ गेला, पण माता बेघर झाली नाही.

आता भिंतीविषयी थोडे विस्ताराने बोलू. ज्युबिलीच्या वर्षी दुरुस्ती-मंडळ बसते, म्हणून ते अगत्याचे आहे. गोव्याचा दगड जांभा. खाणीतून काढताना तो मऊ असतो व हवा लागल्यावर कठीण होतो. परंतु तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो, आणि तेथे वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. युरोपातल्यासारखे बारीक कोरीवकामही त्यावर टिकत नाही. त्यास चुन्याचा हात लागतो. म्हणून पांढरा चुना हा जांभ्याच्या मंदिराचा दागिना नव्हे, ते त्याचे वस्त्र होय. हे वस्त्र उतरविल्यास काय होते, ते जुन्या गोव्यात दिसते. १६०५ साली प्रतिष्ठित झालेल्या व संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष जेथे आहेत त्या बॉम जेझस बासिलिकेचा गिलावा प्राचीनत्व दिसावे म्हणून १९५० नंतरच्या दशकात काढण्यात आला. तेव्हापासून उघडा जांभा पावसात झिजतो आहे, आणि तो पुन्हा झाकावा असे वास्तुतज्ज्ञ कळकळीने सांगत आले आहेत.

आपल्या विदर्भात जांभा नाही. काळा दगड व वीट आहे. तथापि जुन्या भिंती येथेही चुन्यातच रचलेल्या आहेत. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. सबब जुन्या मंदिरास सिमेंटचा लेप देण्यापूर्वी, किंवा ते पाडून मोठे बांधण्याचा ठराव करण्यापूर्वी, चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यास एकवार भिंत दाखवावी, अशी आमची मंडळास नम्र विनंती आहे. मजुरी थोडी अधिक पडेल, ती द्यावी.

गोव्यास जाण्याचा योग आल्यास कोकण रेल्वेच्या थिवी स्थानकावर उतरून म्हापशामार्गे साळगाव गाठावे. कळंगुटकडे जाणारे प्रवासी रस्त्यावरूनच मंदिर पाहून पुढे निघून जातात. आपण मात्र आत जावे व दावजीहून आलेल्या मातेपुढे घटकाभर बसावे.